कार्ड चालते, पण उशिरा

अर्थसंकल्पीय भाषणात एखाद्या व्याधीचा हिशेब मांडला जाण्याचे प्रसंग विरळच. २९ फेब्रुवारी २०१६ रोजी अरुण जेटली यांनी तो मांडला. देशात दरवर्षी मूत्रपिंडे पूर्ण निकामी झालेल्या २ लाख २० हजार रुग्णांची भर पडते, डायलिसिस केंद्रे जेमतेम ४,९५० आणि तीही बहुतांश खासगी, मोठ्या शहरांतली. एका खेपेला दोन हजार, म्हणजे वर्षाला तीन लाखांवर खर्च, असे त्यांचे आकडे होते. त्यातून जिल्हा रुग्णालयांत खासगी भागीदारीने डायलिसिस देणारा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. त्याच डिसेंबरात परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्यावर 'एम्स'मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. मे २०१८ मध्ये खुद्द जेटलींवर. राजकारणाला हा आजार नवा नव्हताच. १९७५ च्या बंदिवासात जयप्रकाशांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि जनता पक्षाच्या घडणीपासून मोडणीपर्यंतचा काळ त्यांनी डायलिसिसच्या आधाराने काढला.

कार्यक्रम स्तुत्यच. मात्र त्याची सुरुवात आजाराच्या शेवटच्या टप्प्यावर होते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार वर्षानुवर्षे मुकाट वाढतो. निम्मे कार्य गमावले तरी रक्तातील क्रिएटिनिन बरेचदा फारसे हलत नाही; लघवीतून जाणारे अल्ब्युमिन त्याआधी इशारा देते. मधुमेह आणि रक्तदाब ही मुख्य कारणे, त्यात मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांची भर. या दोन तपासण्या वर्षातून एकदा आणि रक्तदाबाची नेमकी गोळी एवढ्याने अनेकांचे डायलिसिस लांबते, काहींचे टळतेही. एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५ मध्ये संपल्यावर मूत्रपिंडाला जपणारे हे औषधही स्वस्त झाले.

आता योजनांकडे पाहावे. केंद्रीय कर्मचाऱ्याला सीजीएचएस दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या दोन्ही मिळतात. खानापूर-आटपाडीकडून सोने-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेल्या कारागिराचे तसे नाही. २०१८ पासूनचे आयुष्मान कार्ड पात्र कुटुंबाला परराज्यातही चालते (दिल्ली सरकार त्यात सामील व्हायला एप्रिल २०२५ उजाडले, तोवर केंद्र-राज्य कुरघोडीत रुग्ण लोंबकळले). पण ते कार्ड रुग्णालयातील उपचारांचे. डायलिसिसचे पैसे त्यातून भागतात. बाह्यरुग्ण म्हणून केलेली क्रिएटिनिनची तपासणी आणि महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. म्हणजे सरकार आठवड्याला तीन खेपांचा खर्च सोसायला तयार, त्या टाळणाऱ्या किरकोळ खर्चाला मात्र नाही. आरोग्य मंदिरांत तिशीवरील नागरिकांची साखर आणि रक्तदाब मोजण्याची व्यवस्था आहे, औषधेही ठरलेली आहेत. पण गाव सोडलेल्या माणसाचा नोंदवलेला दवाखाना एका राज्यात आणि रोजगार दुसऱ्या राज्यात असतो. तिथे लागलेली गोळी इथे खंडित होते. कार्डाला राज्याची सीमा आडवी येत नाही. मग मधुमेह वा रक्तदाब नोंदलेल्या रुग्णाच्या लघवी-रक्ताची वार्षिक तपासणी आणि त्याच्या गोळ्या यांनाही ती येऊ नये, एवढी दुरुस्ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या हाती आहे.