मायक्रो-आरएनए आणि धानोऱ्याचा खर्रा

२०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन या अमेरिकन शास्त्रज्ञांना मिळाले. मिलीमीटरभर लांबीच्या कृमीत त्यांना सापडलेला मायक्रो-आरएनए १९९३ साली जगापुढे आला. जेमतेम २२ अक्षरांची ही साखळी. पण जनुकाने किती काम करायचे, याचा लगाम तिच्या हाती. लगाम सुटला की पेशी बेबंद वाढते. २००२ साली कार्लो क्रोचे यांच्या चमूने रक्ताच्या एका कर्करोगात असे दोन लगाम हरवल्याचे दाखवले. आता रक्तातून, लाळेतून कर्करोग आधीच ओळखता येईल काय, कोणते औषध लागू पडेल, याचा शोध जगभर चालू आहे. प्रयोगशाळांचे निष्कर्ष मात्र अजून एकमेकांशी जुळत नाहीत.

विज्ञानाचे स्वागतच आहे. पण धानोऱ्याच्या माणसाला याचा उपयोग काय?

इथे पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटला जातो. लग्न असो की मयत, खर्रा हजर. राज्यात २०१२ साली गुटखाबंदी आली, पाठोपाठ सुगंधित तंबाखूवरही बंदी आली. बंदी कागदावर, खर्रा गालात! याच तालुक्यातील चातगावच्या ‘सर्च’ संस्थेला २०१६ साली जिल्ह्यात ‘मुक्तिपथ’ सुरू करावे लागले, ते उगाच नव्हे.

तोंडाचा कर्करोग लपून बसत नाही. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, न उघडणारे तोंड हे बॅटरीच्या उजेडात दिसते. केरळात सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली आले. प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी नुसते तोंड तपासल्याने तंबाखू-दारूचे सेवन करणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही तिशीपुढील प्रत्येकाची ही तपासणी सांगितली आहे. मग आपल्या पाड्यावर शेवटची तपासणी कधी झाली?

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य, असे घटनेचे ४७ वे कलम सांगते. वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले आहे. तेव्हा ही भीक नव्हे, हक्क आहे.

उद्या संशोधक लाळेचे नमुने घ्यायला जंगलात येतील. जरूर यावे. पण संमती गोंडीत, मराठीत समजावून घ्यावी आणि चाचणी निघाली की ती आधी इथे मोफत मिळावी. नमुना आमचा आणि उपचार दुसऱ्याला, हे चालणार नाही.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनो, ग्रामसभेत दोनच ठराव मांडा : खर्राबंदीची अंमलबजावणी आणि तोंडतपासणीची तारीख. आणि ठराव मांडण्याआधी आपल्या खिशातील पुडी फेका.