माझ्या तासाचा भाव

"तुझ्या तासाचा भाव काय रे?"

गेल्या दोन आठवड्यांत हा प्रश्न मला तिघांनी विचारला. तिघेही माझ्यासारखेच सॉफ्टवेअरवाले. एक इथला, मिशिगनमधला, आणि दोघे पुण्यातले. माझा गुन्हा एवढाच, की माझ्या सोळा वर्षं जुन्या पिकअप ट्रकचा सायलेन्सर आणि त्याच्या मागच्या-पुढच्या नळ्या मी घरी, दारात उताणं झोपून, स्वतः बदलल्या. वर ते कौतुकाने सांगितलं. आता प्रश्नाचा अर्थ उघड आहे. तुला तासाला इतके डॉलर मिळतात, गॅरेजवाला तासाला तितके घेतो, तेव्हा हे स्वतः करणं म्हणजे शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार. गणित संपलं, चहा घ्या.

मला हे गणित मान्य नाही. आज त्याच्याशीच भांडायचंय.

आधी हिशोब मांडतो, म्हणजे लपवाछपवी केली असं कोणी म्हणायला नको. गॅरेजने सांगितले १,४५० डॉलर. मी आणलेलं सामान (सायलेन्सर, दोन नळ्या, क्लॅम्प, पॅकिंग, रबरं) ३१० डॉलर. हत्यारं १४०. वेळ अकरा तास, दोन शनिवार मिळून. गॅरेजवाल्याने हेच काम तीन तासांत उरकलं असतं. म्हणजे वाचले १,००० डॉलर, भागिले अकरा, तासाला साधारण ९१. "बघ, तुझा भाव याच्यापेक्षा जास्त आहे!" असं मित्र म्हणाला.

असेल बाबा. पण मला एक सांग, त्या शनिवारी सकाळी दहा ते चार मला तासाच्या भावाने पैसे कोण देणार होतं? माझा पगार महिन्याचा आहे. ट्रकखाली गेलो नसतो तर सोफ्यावर पडून फोन चाळत बसलो असतो. त्याचा भाव अजून तरी कोणी काढलेला नाही. ज्या तासांना गिऱ्हाईकच नाही त्यांना भाव लावायचा, आणि मग त्या भावाचं कारण सांगून काम टाळायचं, याला हिशोब म्हणत नाहीत. याला सबब म्हणतात.

आणि गंमत बघा, हा भाव आपण सगळीकडे लावत नाही. राजगड चढायला-उतरायला अख्खा दिवस जातो, तेव्हा कोणी तासाचा भाव काढत नाही. क्रिकेटची मॅच बघताना काढत नाही. रविवारी तीन तास खपून बिर्याणी केली तर उलट फोटो टाकतो. भाव आठवतो तो फक्त हात काळे होणार असले की!

आता दुसरा मुद्दा. सायलेन्सर सडला का, हे मला सोळा वर्षांत कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने लोखंड गंजतं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण जुना सायलेन्सर कापला तेव्हा दिसलं की तो बाहेरून कमी आणि आतून जास्त खाल्ला गेलाय. कारण साधं, बारावीच्या रसायनशास्त्रातलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी लांब चालली तर नळ्या तापतात आणि ते पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. माझं ऑफिस सहा किलोमीटरवर. हिवाळ्यात नळी नीट तापायच्या आत मी पार्किंगमध्ये पोचलेला असतो, आणि ते आम्ल मिसळलेलं पाणी सायलेन्सरच्या पोटात तसंच साचून राहतं. म्हणजे मिठाच्या जोडीला गुन्हेगार मीपण! नुसतं कार्ड घासून आलो असतो तर हे मला कधीच कळलं नसतं.

तिसरा मुद्दा पैशाचाच आहे, पण वेगळा. १,४५० डॉलर हे दुसऱ्या गॅरेजने सांगितलेले. पहिल्याने सांगितले होते २,६००, कारण त्याच्या म्हणण्यानुसार कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसुद्धा बदलायला हवा. मी घरी येऊन टॉर्च घेऊन खाली शिरलो. भोक होतं सायलेन्सरच्या मागच्या सांध्यावर. कन्व्हर्टर शाबूत, डॅशबोर्डवर दिवा नाही, कोड नाही. तो माणूस लबाड होता की आळशी, मला माहीत नाही. पण त्याने एक गृहीत धरलं होतं, की हे गिऱ्हाईक काही वाकून बघणार नाही. आणि आपल्यासारख्यांच्या बाबतीत हे गृहीत शंभरातल्या नव्वद वेळा बरोबर ठरेल, ही खरी लाज आहे.

कन्व्हर्टरला मी हात लावला नाही, हेही सांगून टाकतो. तो इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी करतो. तो काढून टाकणं हा अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली गुन्हा आहे, आणि तो गुन्हा असायलाच हवा. त्याच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास गेला होता, आणि त्या काळात इथे रात्रीत गाडीखालून कन्व्हर्टर कापून नेणाऱ्या टोळ्या सुटल्या होत्या. म्हणजे आपल्या गाडीखाली काय आहे हे चोरांना माहीत होतं. मालकाला नव्हतं.

काम तसं रॉकेट सायन्स नाही. गाडी घोड्यांवर उभी करायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही. चाकांना अडण लावायची. डोळ्यांना चष्मा, कारण गंजाचा पाऊस थेट तोंडावर पडतो. बोल्टांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवायचं. रबरांवर साबणाचं पाणी मारलं की ती निमूटपणे सुटतात. नव्या नळ्या आधी सगळ्या सैल टांगायच्या, कुठे चासीला किंवा पेट्रोलच्या टाकीला घासत नाहीत ना ते बघायचं, आणि मगच पुढून मागे एकेक क्लॅम्प आवळत जायचं. मी उत्साहात पहिला क्लॅम्प आधीच आवळला आणि टेलपाइप स्पेअर चाकावर जाऊन टेकला. सगळं परत खोला! शेवटी इंजिन चालू करून सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे आले की गळती. हे सगळं उघड्यावर, कारण बंद गॅरेजात इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणूस मारतो.

अकरातले तीन तास एकाच बोल्टाने खाल्ले. कन्व्हर्टरच्या मागच्या फ्लँजचा स्टड पाना लावताच कडकन् तुटला. मी च्यायला म्हणून तिथेच पडून राहिलो. समोरचे आजोबा, आयुष्यभर कारखान्यात डाय बनवण्याचं काम केलेले, काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "जोर लावलास ना? गंजाशी कुस्ती खेळायची नसते." मग घरातून ड्रिलचं चांगलं पातं आणून दिलं. बारीक भोकापासून सुरुवात, दर मिनिटाला तेल, घाई नाही. तुटका स्टड निघाला, तिथे आरपार बोल्ट घातला. त्या तीन तासांचा भाव काय लावायचा, हे मला खरंच सांगता येणार नाही.

आता जे बोलायचं आम्ही टाळतो ते बोलतो.

आम्ही सगळे इंजिनिअर. पहिल्या वर्षाला सगळ्या शाखांना वर्कशॉप असायचं. कानस घेऊन लोखंडी तुकडा काटकोनात घासायचा, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे. आम्ही काय केलं? वर्कशॉपमधल्या मामांना शंभर रुपये दिले आणि जॉब तयार करून घेतला. सरांनाही ते माहीत असावं. मला त्यात पंचवीसपैकी बावीस मार्क पडले. त्या मामांचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं, आजही नाही. ज्याच्या हातांनी मी इंजिनिअर झालो त्याला आम्ही अरे-तुरे करत होतो, आणि आम्हाला, सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना, तो अहो-जाहो करत होता.

तासाच्या भावाचं गणित तिथून आलंय, अर्थशास्त्रातून नाही. हाताला तेल लागणारं काम "त्यांचं", डोक्याचं काम "आपलं", ही वाटणी आपल्या घरात कित्येक पिढ्या चालत आली आहे. पूर्वी तिला उघडपणे जातीचं नाव होतं. आता आपण तिला ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट म्हणतो. इंग्रजी नाव दिलं की पाप धुतलं जातं, असा आपला समज आहे.

आणि याचा तोटा फक्त आपल्या पोटापुरता नाही. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली थेट मतदान करून कौल दिला, की गाडीच्या दुरुस्तीला लागणारी माहिती मालकाला आणि बाहेरच्या गॅरेजलाही मिळाली पाहिजे. गाडी बनवणाऱ्यांची संघटना त्यावर कोर्टात गेली. भारतातही ग्राहक खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं, त्यात गाड्याही आहेत. पण हा हक्क मागणार कोण? ज्याने कधी बॉनेट उघडलं नाही त्याला ते कुलूपबंद झालेलं कळणारसुद्धा नाही. आणि ती कुलपं बनवतं कोण? आपणच की! गाडीतलं सॉफ्टवेअर आपल्यासारखेच लोक लिहितात. बोल्ट अडला की माणसाचा जीव कसा मेटाकुटीला येतो, हे माहीत नसलेला माणूस तो कोड लिहितो.

"मग उद्या अपेंडिक्सपण घरीच काढ," असं पुण्यातला एकजण म्हणाला. :) नाही रे बाबा. सगळं स्वतः करा असं मी म्हणतच नाही. पाठ दुखते, जागा नाही, मूल लहान आहे, पार्किंगमध्ये सोसायटी करू देत नाही, ही सगळी खरी कारणं आहेत. "मला जमत नाही" हेही प्रामाणिक उत्तर आहे. गॅरेजवाल्याला पैसे द्या, पूर्ण द्या, आणि त्याला अहो म्हणा. माझं भांडण फक्त "माझा वेळ फार महाग आहे" या वाक्याशी आहे. कारण त्याचा दुसरा अर्धा भाग आपण मनातल्या मनात म्हणतो, "आणि त्याचा स्वस्त."

असो. ट्रक आता शांत चालतो. इंजिन तापून एकदा गार झाल्यावर क्लॅम्प पुन्हा आवळायचे असतात, ते उद्या करीन. आणि महिन्यातून एकदा तरी तासभर लांब चक्कर मारायची ठरवली आहे, पोटातलं पाणी बाहेर पडावं म्हणून. ट्रकच्या.

यापुढे कोणी तासाचा भाव विचारला तर सांगणार आहे, ये शनिवारी, टॉर्च धरायला माणूस हवाय.