गाडीची काच : सोय की शोभा?

आपल्या जिल्ह्यात नवीन माणूस भेटला की दोन प्रश्न ठरलेले असतात. गाव कोणतं? आणि अप-डाऊन कुठून? बीड शहराला रेल्वे मिळायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावा लागला. परळीला निजामाच्या काळापासून रेल्वे आहे, पण बाकीच्या जिल्ह्याचा सगळा कारभार वर्षानुवर्षं एस.टी. आणि मोटारसायकल या दोघींवरच चालला. केजचा मास्तर धारूरला शिकवायला जातो, गेवराईचा एम.आर. बीडला येतो, दूधवाला पहाटेच कॅन लटकवून निघतो आणि ऊसतोडीच्या टोळ्या जमवणारा मुकादम एका दिवसात चार तालुके पालथे घालतो. आपल्या कॉलेजात तरी वेगळं काय आहे? तेव्हा गाडीवर बसून अंग किती आंबतं हा आपल्याकडं शौकाचा प्रश्न नाही, तो पोटाचा प्रश्न आहे.

म्हणूनच पार्किंगमध्ये रोज रंगणारा एक वाद मला महत्त्वाचा वाटतो. गाडीला पुढं काच लावावी का? एक पार्टी म्हणते, "काच लावल्यापासून छातीला वारं नाही, एकदम मस्त!" दुसरी पार्टी म्हणते, "काही नाही हो, नुसता शो. उलट डोकं गरगरतं." दोन्हीकडची माणसं रोज गाडी चालवणारी, खोटं कुणीच बोलत नाही. मग खरं कोण? यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी "ज्याची त्याची आवड" म्हणून हा वाद सोडून द्यावा हे मला पटत नाही. आपण शिकतो ते फ्लुइड मेकॅनिक्स परीक्षेपुरतंच आहे का?

काच ही काही आजची फॅशन नाही. बजाजची चेतक १९७२ साली आली. तिला आणि तिच्या बरोबरीच्या स्कूटरींना पुढं ॲक्रिलिकची मोठी काच लावून बँकेतले साहेब आणि शाळेतले गुरुजी हिंडताना आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहेत. पुढं शंभर सीसीच्या मोटारसायकली आल्या, ॲव्हरेजचं राज्य सुरू झालं आणि काच मागं पडली. २००३ साली करिझ्मा अर्धी फेअरिंग घेऊन आली, २००७ मध्ये पल्सर २२०, काचवाली ॲव्हेंजर क्रूझ आणि २०१६ मध्ये छोटी काच असलेली हिमालयन. पण आपला शेतकरी, मास्तर, दूधवाला ज्या शंभर-एकशेदहा सीसीच्या गाडीवर आयुष्य काढतो, तिच्या हेडलाइटवर मात्र वीतभर प्लॅस्टिकच. छातीपर्यंत येणारी काच हवी असेल तर ॲक्सेसरीच्या दुकानात जा आणि तो देईल ती बसवून घ्या.

आता थोडं गणित. घाबरू नका, एकच सूत्र आहे. वाऱ्याचा दाब म्हणजे हवेच्या घनतेची निमपट गुणिले वेगाचा वर्ग. बीड समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटरवर आहे, हवा गरम, म्हणून घनता घनमीटरला १.१ किलो धरू. सरळ बसलेल्या माणसाचं वाऱ्याला अडणारं अंग अंदाजे ०.४ चौरस मीटर धरू आणि अवरोध गुणांक १ धरू. ताशी ४० किलोमीटरला अंगावर येणारा जोर निघतो सुमारे पावणेतीन किलो. ताशी ६० ला सहा किलोच्या थोडा वर. ८० ला अकरा किलो. १०० ला सतरा किलोच्या पुढं.

या आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. गावात, बाजारात, खड्ड्यांच्या रस्त्यावर तिशी-चाळिशीत चालणाऱ्याला वारा त्रास देतच नाही. पावणेतीन किलो जोर म्हणजे काय, दप्तराचं ओझं. त्यानं काच लावली तर ती शोभाच. पण बीडहून मांजरसुंबा, नेकनूर, केज करत अंबाजोगाईला जाणाऱ्याचं काय? नव्वदेक किलोमीटर, रस्ता आता चांगला, वेग साठ-सत्तर. म्हणजे दीड तास कुणीतरी सहा-आठ किलोनं छातीला मागं रेटतंय आणि हा हँडल धरून स्वतःला पुढं ओढतोय. उतरल्यावर खांदे, मनगटं आणि मान का भरून येतात ते कळलं? दोष बऱ्याचदा सीटला दिला जातो, पण त्यातला मोठा वाटा वाऱ्याचा असतो.

मग काचेनं हा जोर कमी होतो का? छातीवरचा नक्की होतो. पण वारा नाहीसा होत नाही, तो फक्त वाट बदलतो. काच हवा वर उचलते आणि काचेच्या वरच्या कडेवरून ती सुटते तेव्हा भोवरे तयार होतात. पाटाच्या पाण्यात फळी आडवी धरा, फळीमागं पाणी कसं घुसळतं ते दिसेल. तसंच हे. आता ही घुसळलेली हवा जाते कुठं, यावर सगळा खेळ आहे. ती हेल्मेटच्या वरून गेली तर आराम. नेमकी हेल्मेटवर आदळली तर डोकं सारखं थरथरतं, आवाज वाढतो, नजर हलते. काच नसताना छातीला मार बसतो, पण डोक्याला निदान स्वच्छ, एकसारखा वारा मिळतो. चुकीच्या उंचीची काच छाती वाचवते आणि डोकं खाते.

म्हणजे पार्किंगमधल्या दोन्ही पार्ट्या खऱ्याच! सव्वापाच फुटाच्या माणसाला जी काच स्वर्ग वाटते, तीच काच सहा फुटी माणसाच्या हनुवटीवर भोवरे सोडते. गाडी तीच, काच तीच, रस्ता तोच, फक्त माणूस बदलला. आपण मित्राची काच बघून तशीच घेतो, तिथंच गाडं अडतं. दुकानदार गाडीचं मॉडेल विचारतो, तुमची उंची कधी विचारतो का?

जुन्या चालकांचा ठोकताळा असा, की सरळ बसल्यावर काचेची वरची कड साधारण नाकाच्या रेषेत दिसावी. म्हणजे हवा डोक्यावरून जाते आणि रस्ता काचेतून नाही, काचेवरून दिसतो. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. काचेला वायपर नसतो. रात्री पाऊस असेल आणि समोरून ट्रक आला, तर ओरखडे पडलेल्या काचेतून फक्त उजेडाचा फुफाटा दिसतो. काचेच्या खाली थोडी फट ठेवली तर काचेमागची पोकळी भरायला हवा येते आणि थरथर कमी होते. पूर्ण बंद काच चांगली, हा गैरसमज आहे.

आता आपल्या हवेबद्दल. डिसेंबरच्या पहाटे पारा १० अंशांवर असताना साठच्या वेगानं निघालात, तर अमेरिका-कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानुसार उघड्या कातडीला ते ४-५ अंशांसारखं लागतं. म्हणूनच आपले दूधवाले स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्र घालतात. फुकटातली विंडशील्डच ती! अशा पहाटे काच खरोखर उपयोगी. उन्हाळ्यात मात्र गोष्ट गुंतागुंतीची होते. आपल्या कातडीचं तापमान पस्तिशीच्या आसपास असतं. हवा त्याखाली असेल तोवर वारा गार करतो आणि काच हा वारा अडवते, म्हणजे नुकसानच. पण मे महिन्यात पारा ४२ वर गेला की वारा अंगाला उष्णता देतो आणि घाम इतक्या झटपट वाळवतो की अंगातलं पाणी संपल्याचं कळतच नाही. तेव्हा काच थोडी मदत करते, पण खरं काम करतं ते अंगभर सुती कापड, कानाला बांधलेला पांढरा रुमाल, मुलींचा स्कार्फ आणि पाण्याची बाटली. हे शहाणपण गावाकडं आधीपासून आहे, आपण त्याला फक्त थर्मोडायनॅमिक्सचं नाव देतो.

धुळीचं काय? इथं काचवाल्यांची थोडी निराशा होणार. चिलटं, खडे, उसाच्या ट्रॉलीतून उडणारं पाचट, पावसाचे थेंब जड असतात. हवा वळली तरी ते सरळ येतात आणि काचेवर आपटतात. बारीक धूळ मात्र हवेबरोबर वळते आणि काचेमागच्या भोवऱ्यात फिरत राहते. परळीच्या रस्त्यावर राखेच्या टिप्परमागं गाडी चालवलेल्यांना हे समजावून सांगायला नको. राखेला काच नव्हे, बंद व्हायझरचं हेल्मेट आणि तोंडाला फडकंच लागतं.

आणि एक इशारा, आडव्या वाऱ्याचा. बालाघाटच्या माथ्यावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. जून-जुलैत वारा पश्चिमेकडून येतो. धुळे-सोलापूर महामार्ग गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा उत्तर-दक्षिण जातो, म्हणजे वारा नेमका कुशीत. नगरकडं जाताना तोच वारा समोरून. गाडी साठवर आणि वारा वीसचा असेल तर अंगाला ऐंशीचा मार, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट जोर. हँडलला बसवलेली मोठी काच आडवा वारा थेट हँडलमध्ये उतरवते आणि गाडी लेन सोडू बघते. फ्रेमला बसवलेली तेवढी त्रास देत नाही. हा धडा जगानं कधीच घेतलाय. शर्यतीच्या मोटारसायकलींवर पुढचं चाक झाकणारी मोठी कवचं असत, ती १९५७ च्या हंगामानंतर बंद करण्यात आली, त्यात आडव्या वाऱ्याचं कारण मोठं होतं. पुढं १९७६ साली बी.एम.डब्ल्यू.नं आर १०० आर.एस. ही गाडी विंड टनेलमध्ये तपासून फ्रेमला पक्क्या बसवलेल्या पूर्ण फेअरिंगसह आणली. म्हणजे काच वाईट नाही, अंदाजानं बसवलेली काच वाईट.

"काच लावली की ॲव्हरेज वाढतं" हेही सरसकट खरं नाही. गाडी आणि माणूस मिळून ०.६ चौरस मीटर अवरोध धरला, तर ऐंशीच्या वेगाला फक्त हवा कापायला पाचेक हॉर्सपॉवर जातात, आणि शंभर सीसीच्या गाडीत असतात सात-आठ. त्यात रुंद, सपाट काच उभी केली तर इंजिनचं ओझं वाढू शकतं.

मग माझं मत काय? स्पष्ट सांगतो. रोज पन्नास किलोमीटरच्या वर, साठच्या पुढच्या वेगानं जाणाऱ्यानं काच जरूर लावावी. ती आपल्या उंचीला मापून, शक्यतो फ्रेमला, पॉलिकार्बोनेटची लावावी. ॲक्रिलिक फुटलं तर धारदार तुकडे होतात. पेट्रोलच्या बोळ्यानं पुसू नये, त्यानं तडे जातात. पाणी आणि मऊ कापड पुरे. बाकीच्यांनी ते पैसे आधी आय.एस.आय. शिक्क्याच्या, पूर्ण तोंड झाकणाऱ्या हेल्मेटवर घालावेत. ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाजही ९० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा चांगलं बसणारं हेल्मेट ही सोयसुद्धा आहे आणि सुरक्षाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पोलिसांसाठी नाही, आपल्या कवटीसाठी आहे. काच लावून बोडक्या डोक्यानं फिरणाऱ्याला मी तरी शहाणा म्हणणार नाही.

काही जण म्हणतील, एवढ्याशा आरामासाठी एवढं कशाला? पण दमलेला चालक हळू विचार करतो. संध्याकाळी परतताना, अंधारात मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर उभी असताना, अर्धा सेकंद उशिरा दाबलेला ब्रेक किती महाग पडतो ते या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. साठच्या वेगात अर्ध्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढं गेलेली असते. आराम म्हणजे चैन नव्हे, ते आठ मीटर आहेत.

शेवटी आपल्या मेकॅनिकलच्या दोस्तांना एक विनंती. फायनल इयरचा प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा हा घ्या. काचेवर आणि हेल्मेटवर लोकरीचे बोटभर धागे चिकटवा, शेजारच्या गाडीवरून मोबाईलवर शूटिंग करा. हवा कुठं शांत आहे आणि कुठं घुसळते ते धागेच सांगतील. सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी सोडा, काचेसह आणि काचेशिवाय वेग किती वेळात उतरतो ते मोजा. वेगवेगळ्या उंचीचे दहा मित्र बसवा. खर्च लोकरीच्या गुंड्याचा आणि पेट्रोलचा. शेजारी वाळूजला १९८५ पासून मोटारसायकलचा कारखाना आहे. पण बीडच्या रस्त्यावर, बीडच्या उन्हात, बीडच्या माणसाला कोणत्या उंचीची काच लागते, याचा साधा तक्ता आपणच करायला हवा. तो एका पानाचा तक्ता गावातल्या ॲक्सेसरीच्या दुकानात चिकटवला, तरी आपल्या डिग्रीचं चीज झालं म्हणायचं.

– एक विद्यार्थी, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी