रोज वाचणारी ‘जुनी पिढी’ नेमकी कोणती? रत्नागिरीचा पुरावा (थ्रेड)

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, आणि दरवर्षी त्या दिवशी एक तक्रार नेमाने उगाळली जाते: पूर्वीची माणसे रोज वाचत, आजची पिढी मोबाइलमध्ये बुडाली. इतिहास म्हणून ही तक्रार टिकत नाही. आणि निदानच चुकल्यामुळे ‘मनाचा निर्धार करा, रोज वीस पाने वाचा’ हा उपायही लागू पडत नाही.

तक्रारदारांचा आवडता दाखला रत्नागिरीचा. पेशवाई बुडून दहा वर्षे होत असताना, १८२८ साली, तेथे वाचनालय निघाले. आजचे रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय ते हेच. ‘दर्पण’ निघायला तेव्हा चार वर्षांचा अवकाश होता, आणि ते काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. अहमदनगरला वाचनालय व्हायला १८३८ उजाडले, नाशिकला १८४०, पुण्याला १८४८. अभिमान बाळगावा असाच हा क्रम आहे. पण एवढ्या आधारावर ‘घरोघर वाचणारे कोकण’ रंगवणे म्हणजे देवळाचा कळस पाहून गावातली सगळी घरे कौलारू ठरवण्यासारखे आहे.

१९०१ च्या जनगणनेत हिंदुस्थानात हजारी सुमारे ५३ माणसे साक्षर निघाली. स्त्रियांत हे प्रमाण शंभरात एकही भरत नव्हते. शाळेत इतरांपासून दूर बसवली जाणारी अस्पृश्यांची मुले वाचनाच्या या सुवर्णकाळात कोठे होती, हा प्रश्न तक्रारदार विचारत नाहीत.

बहुतेकांचे वाचन कानांनी चाले. चातुर्मासात एकाने पोथी वाचायची, घरादाराने ऐकायची. मुंबईहून चाकरमान्याचे पत्र आले की ते गुरुजींकडून वाचून घ्यायचे. या प्रथेला हसण्याचे कारण नाही. रोजची सवय लागते कशी, याचा सर्वांत स्पष्ट पुरावा तिच्यातूनच मिळतो.

तो पुरावा मूळच्या मंडणगड तालुक्यातल्या एका कुटुंबाचा आहे. रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार, आणि चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. गावच्या शाळेने जे नाकारले असते ते या घराला पलटणीने दिले. निवृत्तीनंतर ते कुटुंबासह दापोलीत राहायला आले, पुढे साताऱ्याला गेले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव याने मोठेपणी लिहून ठेवले आहे की, वडील आपल्याला आणि थोरल्या भावाला रोज रात्री निजण्यापूर्वी महाभारत-रामायणाचा काही भाग वाचायला लावत. ऐकायला बहिणी असत आणि घरी कथेसाठी जमलेली माणसेही. हा क्रम कित्येक वर्षे चालला.

येथे ‘प्रेरणा’ कोठे आहे? वेळ ठरलेली होती, ग्रंथ समोर होता, श्रोते बसलेले होते आणि वडील कडक होते. मुलाला ते वाचन आवडत होते असेही नाही. शूद्रांची आणि अस्पृश्यांची मानहानी सांगणारे हे ग्रंथ आपण का वाचायचे, असे त्याने वडिलांना विचारले. रोज वाचणारा मुलगा आज्ञाधारक झाला नाही, तर वाचलेल्याशीच भांडू लागला. वाचनाने ‘संस्कार’ होतात असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य लक्षात घ्यावा.

पुढे मुंबईत, शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे लक्ष गेले. केळुसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, म्हणजे पुन्हा जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच. भीमरावाच्या सत्काराच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. एका वाचकाने दुसरा वाचक हेरला. बागेतल्या बाकापेक्षा बरी जागा त्या मुलाला हवी होती, हे मात्र आपण सहसा विसरतो.

मोबाइल निर्दोष आहे असे नव्हे. पण २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. एवढी वाचू शकणारी माणसे या भूमीत यापूर्वी कधीच नव्हती. त्यांच्यासाठी जागा आणि वेळ कोणी राखून ठेवली, हा खरा प्रश्न. महाराष्ट्राने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली केला, पण त्यात ग्रंथालय उपकर घेतला नाही. मद्रासने तो १९४८ च्या कायद्यातच घातला होता. परिणामी आपली गावोगावची वाचनालये स्थानिक संस्थांच्या धडपडीवर आणि सरकारी अनुदानावर उभी आहेत. आणि ‘तरुण वाचत नाहीत’ हे व्याख्यान बहुधा त्यांच्याच सभागृहात होते.

चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. २००५ च्या पुरात ते बुडाले, २०२१ च्या पुरात पुन्हा बुडाले. दोन्ही वेळा भिजलेल्या पुस्तकांचे लगदे उपसून चिपळूणकरांनी ते पुन्हा उघडले.