गिधाडांचा कैवार

वाघाचा कैवार घेणारे पुष्कळ भेटतात. गिधाडाला मात्र आपल्या भाषेनेही कधी चांगला शब्द दिला नाही. दुसऱ्याच्या मरणावर टपून बसणाऱ्या माणसाला आपण गिधाड म्हणतो, आणि जटायूची कथा भक्तिभावाने ऐकताना तो गिधाडच होता हे विसरून जातो. अशा या अप्रिय पक्ष्यासाठी गेली पंचवीस वर्षे मुंबईपासून अमेरिकेपर्यंतच्या संस्था झटत आहेत. वन्यजीवसंरक्षण हा हळव्या मनाच्या मंडळींचा छंद होय, असा जो समज आपल्या सुशिक्षित वर्गात अद्याप आहे, तो दूर करण्यास याहून समर्पक उदाहरण आम्हांस दिसत नाही.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील गिधाडे झपाट्याने नाहीशी होत असल्याचे १९९० नंतरच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे पक्षितज्ज्ञ विभु प्रकाश यांच्या ध्यानी आले. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेने मग देशभर गणती केली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारास एक या प्रमाणात उरली. लांब चोचीची व बारीक चोचीची गिधाडे मिळून शेकडा सुमारे ९७ घटली. प्रथम संशय साथीच्या रोगाचा होता. खरे कारण २००४ साली पाकिस्तानात काम करणाऱ्या, अमेरिकेच्या पेरेग्रीन फंडाच्या संशोधकांनी उघड केले. गुरांच्या दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे स्वस्त वेदनाशामकच ते विष होते. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले, की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते. शंभरांतील एखादे मृत जनावर असे विषारी निघाले तरी संपूर्ण जातीच्या नाशास ते पुरेसे ठरते. कारण गिधाड वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि त्याला वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात.

मग काय, शेतकऱ्याने आपल्या बैलाचे दुखणे पाहत बसावे? हा प्रश्न रास्त आहे, आणि संस्थांनी तो टाळला नाही. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना गुणकारी आणि गिधाडांना निरुपद्रवी असल्याचे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. त्यानंतरच २००६ साली भारत, नेपाळ व पाकिस्तान या तीन देशांनी डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. तथापि संस्था तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांची माणसे गिऱ्हाईक म्हणून औषधांच्या दुकानांत गेली, तेव्हा माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या कुप्या गुरांसाठी विकल्या जात असल्याचे आढळले. परिणामी २०१५ साली अशा कुपीचे माप ३ मिलिलिटरांवर आणावे लागले. नेपाळमध्ये शेतकऱ्यांना नव्या औषधाच्या बदल्यात जुना साठा देण्यास राजी करण्यात आले. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास सुरू झाली.

या उद्योगाने माणसाचे काय भले झाले, असे विचारणाऱ्यांनी गिधाडे गेल्यावर काय झाले ते पाहावे. मृत गुरे गावाबाहेर सडत पडली, पाणवठे दूषित झाले आणि भटकी कुत्री व त्यांच्यामागून पिसाळरोग वाढला. गिधाडांच्या या ऱ्हासामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज २०२४ साली अमेरिकेतील एका अर्थशास्त्रविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. मुंबईच्या दोखम्यात पारशी समाजावर आलेली अडचण तर वाचकांस ठाऊकच आहे.

आमचा आक्षेप आहे तो शासनाच्या चालीवर. किटोप्रोफेन व एसिक्लोफेनॅक ही औषधेही गिधाडांना मारक असताना त्यांच्यावर बंदी आली ती २०२३ साली, म्हणजे पहिल्या बंदीनंतर तब्बल सतरा वर्षांनी. निमेसुलाइडचा क्रम त्याच्याही मागून लागला. प्रत्येक वेळी औषध आधी बाजारात यावे, गिधाडे मरावीत, संस्थांनी पुरावे गोळा करीत वर्षे घालवावीत आणि मग सरकारने जागे व्हावे, हा क्रम उलटा आहे. युरोपातही तो वेगळा नाही. आशियाचा अनुभव डोळ्यांसमोर असताना स्पेनने २०१३ साली डायक्लोफेनॅक गुरांसाठी मोकळे केले.

म्हणून गुरांसाठीचे कोणतेही नवे वेदनाशामक गिधाडांना निर्धोक असल्याचे सिद्ध झाल्यावाचून विक्रीस येऊ नये, आणि ते सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर असावा, असा नियम केंद्र सरकारने विनाविलंब करावा, अशी आमची मागणी आहे. मूठभर संस्थांच्या वर्गणीवर व चिकाटीवर हे काम कायमचे सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. औषधविक्रेते, पशुवैद्य आणि त्यांच्याकडे गुरे नेणारे या सर्वांनी मेलॉक्सिकॅमचा आग्रह आजपासूनच धरावा. त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.