दुसऱ्याच्या पॅनवरचे घरभाडे

१४ जुलै २०२५ रोजी आयकर विभागाने देशभर एक मोठी तपासणी मोहीम हाती घेतली. तिचा रोख बड्या कारखानदारांवर नव्हता, तर पगारदारांची विवरणपत्रे भरून देणाऱ्या आणि ‘हमखास रिफंड मिळवून देतो’ असे सांगत फिरणाऱ्या मध्यस्थांवर होता. ज्या राज्यांत ही कारवाई झाली त्यांत महाराष्ट्रही होता. विभागाच्या निवेदनानुसार त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. या मध्यस्थांच्या नादी लागलेल्यांत बहुराष्ट्रीय कंपन्या, सरकारी उपक्रम आणि शिक्षणसंस्था यांतील नोकरदार होते. सुशिक्षित, घरंदाज, एरवी कोणाच्या पैशाला हात न लावणारी ही माणसे.

या धंद्याची रीत साधी आहे. मध्यस्थ ठरावीक फी न घेता परताव्यातील टक्केवारी घेतो. परतावा जितका फुगेल तितका त्याचा लाभ. मग न काढलेला आरोग्यविमा, न घेतलेले शैक्षणिक कर्ज, न दिलेली देणगी असे सारे कागदावर अवतरते. (हजार रुपयांची फी आपल्याला महाग वाटते आणि खोट्या परताव्यातील चार हजारांचा वाटा स्वस्त वाटतो, हा आपला हिशेब!) संपर्कासाठी तो अनेकदा स्वतःच उघडलेला तात्पुरता ई-मेल पत्ता देतो. विभागाची नोटीस त्या पत्त्यावर पडून राहते आणि करदात्याला तिचा पत्ताच नसतो.

‘सरकारचाच पैसा, त्यात कोणाचे काय बिघडते?’ हा युक्तिवाद आपण सर्वांनी ऐकला आहे. तो किती पोकळ आहे हे घरभाड्याच्या सवलतीवरून दिसते. वर्षाला एक लाख रुपयांहून अधिक भाडे दाखवायचे तर घरमालकाचा पॅन क्रमांक द्यावा लागतो. घरमालकच नसेल, तर पॅन कोणाचा द्यायचा? मध्यस्थाकडे अशा क्रमांकांचा तोटा नसतो. जुन्या ग्राहकांची कागदपत्रे आणि कधी काळी झेरॉक्ससाठी आलेली कार्डे त्याच्या संगणकात साठलेली असतात. त्यांतील एखादा क्रमांक तो बेधडक लिहितो, आणि आयुष्यात कधी खोली भाड्याने न दिलेली एखादी विधवा सरकारदप्तरी लाखोंचे भाडे घेणारी मालकीण ठरते. तिला नोटीस येते, तेव्हा तिच्या नावावर भाडे दाखवणारा नोकरदार तिला ओळखतही नसतो. आपण ज्याला ‘थोडी करबचत’ म्हणतो, ती इथे दुसऱ्याच्या ओळखीची चोरी झालेली असते.

हीच चोरी मोठ्या प्रमाणावर झाली की तिचे रूप अधिक भयानक होते. २०२३ साली गुजरातमधील पालिताणा येथे सरकारी योजनेचा लाभ देण्याच्या मिषाने गरिबांच्या आधारशी जोडलेले मोबाइल क्रमांक बदलण्यात आले आणि त्यांच्या नावे जीएसटी नोंदण्या काढण्यात आल्या. त्याच वर्षी १६ मे ते १५ जुलै या काळात झालेल्या देशव्यापी मोहिमेत जीएसटीची नोंदणी असलेल्या २१,७९१ संस्था प्रत्यक्षात अस्तित्वातच नसल्याचे आढळले. संशयित करचुकवेगिरी होती २४,०१० कोटींची. अशा व्यवहारात मजुराच्या नावावर कोटींची उलाढाल दिसते आणि स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी त्यालाच रोजगार बुडवून कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतात.

सनदी लेखापालांना त्यांच्या संस्थेची शिस्त आहे. प्रशिक्षित विवरणपत्र साहाय्यकांसाठी २००६ पासून सरकारची योजनाही आहे. परंतु या चौकटीबाहेर संगणक घेऊन बसणाऱ्या कोणालाही परवाना लागत नाही आणि विवरणपत्रावर त्याचे नावही येत नाही. अमेरिकेत मोबदला घेऊन विवरणपत्र तयार करणाऱ्याला आपला नोंदणी क्रमांक आणि सही द्यावीच लागते. जो देत नाही त्याला तिथे ‘भूत’ म्हणतात. आपल्याकडे अशा भुतांनाच राजमान्यता आहे! खोट्या विवरणपत्रास साह्य करणाऱ्याला १९६१ च्या कायद्यातही शिक्षा होती, २०२५ साली संमत झालेल्या कायद्यातही आहे. पण ज्याचे नावच कागदावर नाही त्याला शोधायचे कसे? मोबदला घेणाऱ्या प्रत्येकाची सही सक्तीची करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि ‘एजंटने भरले, मला काय ठाऊक?’ ही पळवाट करदात्याला नाही. सत्यतेची प्रतिज्ञा त्याच्याच नावाने होते, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. ख्रिस्तसभेच्या कॅटेकिझममध्ये (परिच्छेद २४०९) करचुकवेगिरी आणि बनावट बिले ही सातव्या आज्ञेच्या भंगात एकत्रच गणलेली आहेत. आणि जक्कय हा तर जकातदारांचा मुख्य. त्याचा पश्चात्ताप अश्रूंवर थांबला नाही. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत करण्याचा आकडा त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला.

कायद्यानेही परतीची वाट ठेवली आहे. २०२२ पासून अद्ययावत विवरणपत्र भरता येते, आणि २०२५ मध्ये त्याची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षे झाली. त्यासाठी कर व व्याजावर २५ ते ७० टक्के अधिक भरावे लागतात, विलंबानुसार. चौकशी सुरू झाल्यावर मात्र ही सोय सहसा मिळत नाही. खोटी माहिती पकडली गेली तर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट.

ज्यांनी काहीच केलेले नाही त्यांनीही आयकर संकेतस्थळावरील आपले वार्षिक माहिती विवरण पाहावे. आपण न घेतलेले भाडे तिथे दिसले, तर ती नोंद आपली नसल्याचे तिथेच कळवता येते. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकला की त्यावर कोणत्या नोंदण्या आहेत तेही दिसते. ज्येष्ठांना हे एकट्याने जमणार नाही. धर्मग्रामातील युवकांनी रविवारच्या मिस्सानंतर तासभर त्यांच्याजवळ बसावे. मात्र पासवर्ड त्यांचा त्यांनाच टाकू द्यावा.