एकास चोवीस

गेल्या वर्षी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी क्षमापनेसाठी थोरल्या बंधूंच्या घरी गेलो होतो. आप्तेष्टांची ये-जा चालू होती. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात एक वीतभर लांबीचा, हिरवट रंगाचा रणगाडा ठेवलेला होता. त्याच्या साखळ्यांवर चिखलाचे डागही हुबेहूब रंगविलेले होते. पाहुण्यांपैकी एकजण सहज हसत म्हणाले, "काय हो, जैनाच्या घरात रणगाडा?" बोलणे थट्टेचे होते; परंतु बंधूंचा चेहरा उतरला. त्यांनी आपल्या तेरा वर्षांच्या नातवाला हाक मारून ती वस्तू उचलायला सांगितली. मुलगा काही बोलला नाही. दोन्ही हातांनी, नळी मोडू नये अशा बेताने, तो रणगाडा घेऊन आपल्या खोलीत गेला.

दुपारी पाहुणे पांगल्यावर बंधू मला म्हणाले, "तू बँकेत होतास, हिशेबाने सांग. खाऊचे पैसे साठवून हा मुलगा तोफा नि रणगाडे जोडत बसतो. हा अनर्थदंड नव्हे तर काय?"

प्रश्न उडवून लावण्याजोगा नव्हता. श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे, आणि हिंसेची साधने पुरविणे हा त्याचाच एक प्रकार मानला आहे. "हे तर नुसते प्लास्टिक आहे" असे म्हणावे, तर राजा यशोधराची कथा आठवते. मातेच्या आग्रहास्तव त्याने देवीपुढे खरा नव्हे, पिठाचा कोंबडा बळी दिला; तरीही त्या संकल्पाचे फळ म्हणून मातापुत्रांना पशुयोनीत जन्मोजन्मी भटकावे लागले. दहाव्या शतकात सोमदेवसूरींनी 'यशस्तिलक' रचले ते याच कथेवर. प्रतिकृती म्हणजे 'काहीच नाही' असे आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही. म्हणून बंधूंना मी चटकन उत्तर दिले नाही. मुलाच्या खोलीत जाऊन बसलो.

तेथे मला या छंदाची बाराखडी शिकायला मिळाली. याला 'स्केल मॉडेल' म्हणतात. मूळ वस्तू ठरावीक पटीने लहान करायची आणि ती पट कोठेही मोडू द्यायची नाही, हा त्याचा नियम. एकास बहात्तर या प्रमाणात सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. विमाने बहुधा या मापात असतात. रेल्वेगाड्या पुष्कळदा एकास सत्त्याऐंशी, तर रणगाडे एकास पस्तीस. हे पस्तीस कोठून आले, असे मी विचारले. मुलाने सांगितले की, जपानच्या तामिया कंपनीने आपला पहिला रणगाडा बॅटरीवर चालणारा केला होता. आत मोटार आणि बॅटऱ्या मावतील एवढा आकार घेतला, तेव्हा ते प्रमाण पस्तीसच्या आसपास आले आणि पुढे तेच रूढ झाले. व्यवहाराच्या सोयीसाठी केलेली गोष्ट पुढे शास्त्र होऊन बसते, हे आपण व्यापारी लोक जाणतोच.

मला कुतूहल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. जगात लहान करण्याजोग्या असंख्य वस्तू असताना कोणी नेमके काय लहान करायला घेतो, हे कशावरून ठरते? त्यानंतर काही महिने मी या विषयावर वाचत राहिलो, आणि पुनःपुन्हा घरापाशीच येऊन थांबलो.

तामियाचेच उदाहरण घ्या. शिझुओका शहरात १९४६ साली हा उद्योग सुरू झाला तो लाकडाच्या वखारीचा म्हणून. त्या भागात लाकूडकामाची जुनी परंपरा. वखारीतील लाकडापासून या कुटुंबाने आधी जहाजांच्या व गाड्यांच्या लाकडी प्रतिकृती केल्या. पुढे इमारती लाकडाचा धंदा सोडून दिला आणि १९६० साली पहिली प्लास्टिकची प्रतिकृती काढली, ती 'यामातो' या जपानी युद्धनौकेची. इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनचे बॅसेट-लोक हे बॉयलर बनविणाऱ्या घराण्यातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी प्रतिकृतींचा व्यवसाय उभारला तो छोट्या वाफेच्या इंजिनांचा. ज्याने लहानपणापासून बॉयलरचा आवाज ऐकला, त्याच्या हातून इंजिनच घडणार. १९५३ साली एअरफिक्स कंपनीने 'स्पिटफायर' विमानाचा जोडसंच काढला. ज्या इंग्रज मुलांनी तो जोडला, त्यांच्यापैकी अनेकांचे वडील, काका, मामा नुकत्याच संपलेल्या महायुद्धातून परतलेले होते. त्या मुलांना युद्धाची हौस होती असे मला वाटत नाही. जेवणाच्या टेबलावर ज्याचे नाव ऐकले, ती वस्तू त्यांना हातात धरून पाहायची होती.

आपल्याकडेही हे नवे नाही. महाराष्ट्रातील मुले दिवाळीत अंगणात माती-दगडांचा किल्ला करतात. राजगड का करतात, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. एका माणसाचा छंद पुढील पिढीने कसा सांभाळावा, याचा तो पाठच आहे. सुटीत मुलांना तेथे अवश्य न्यावे.

आणि आपल्या समाजाची गोष्ट तर आणखी जुनी आहे. अजमेरची 'सोनीजी की नसियाँ' अनेकांनी पाहिली असेल. सेठ मूलचंद सोनी यांनी बांधविलेले हे ऋषभदेवांचे मंदिर १८६५ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या मागील दालनात सोन्याने मढविलेली अयोध्यानगरी आहे: प्रासाद, सुमेरू पर्वत, वरून झुलणारी देवविमाने, भगवंतांची पंचकल्याणके. जयपूरच्या कारागिरांना ती घडविण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली आणि १८९५ साली ती या दालनात मांडण्यात आली. एका श्रेष्ठी कुटुंबाला सोने काय करावे असा प्रश्न पडला, तेव्हा त्याने जी नगरी पुराणांत ऐकली होती तीच लहान करून डोळ्यांसमोर उभी केली. आपल्या मंदिरांतील समवसरणाच्या रचना, हस्तिनापूरचे जंबूद्वीप, कार्तिकी पौर्णिमेला मांडला जाणारा शत्रुंजयाचा पट यांमागेही हीच भावना आहे. ज्यांना पालिताण्याला जाणे जमत नाही, ते पटापुढे उभे राहून वंदन करतात आणि त्यांना यात्रा घडल्यासारखे वाटते. मोठी गोष्ट घरात मावेल एवढी करून घेणे हे आपल्या रक्तातले आहे.

हे सारे मनाशी जुळवीत मी पुन्हा एकदा त्या मुलापाशी गेलो आणि विचारले, "तू रणगाडाच का निवडलास?"

तो म्हणाला, "दुकानात तेच मिळतात, छोटे दादाजी. रणगाडे, विमाने, परदेशी गाड्या."

"आपल्या आडतीच्या दुकानाची प्रतिकृती करावी, असे कधी मनात आले नाही?"

"ते कसे होते, मला माहीत नाही. दादाजी त्याबद्दल कधीच बोलत नाहीत."

हे वाक्य मी बंधूंना जाऊन सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. आमच्या आजोबांनी धान्याच्या आडतीचे दुकान उघडले, वडिलांनी ते वाढविले आणि बंधूंच्या काळात ते बंद झाले. उधारी बुडाली, बाजार गावाबाहेरच्या यार्डात गेला, मुले नोकरीला लागली, कारणे अनेक. जुनी इमारत पाडून तेथे आता व्यापारी संकुल उभे आहे. बंधूंच्या मनात मात्र एकच गोष्ट राहिली, की दुकान माझ्या हातून बंद झाले. मग त्याच्या गोष्टी नातवंडांना कोणत्या तोंडाने सांगायच्या? ज्या घराने मुलाला आपली गोष्ट सांगितली नाही, त्या मुलाने डब्यावर छापलेली गोष्ट घेतली. यात दोष मुलाचा कसा?

काम सुरू झाले ते दिवाळीनंतर. अडचण पहिल्याच दिवशी आली. इमारतीचा नकाशा नाही, छायाचित्र एकच, आणि तेही ओट्यावर उभ्या असलेल्या वऱ्हाडाचे. मुलाला माप हवे होते, आणि बंधू फूट-इंचांत काही सांगू शकत नव्हते. येथे माझी नोकरी उपयोगी पडली. धान्याच्या तारणावर दिलेल्या कर्जांसाठी गोदामांची तपासणी करताना थप्प्या मोजण्यात माझी कित्येक वर्षे गेली आहेत. मी विचारले, "ओट्यावर आडव्या ओळीत किती पोती बसत?" बंधू क्षणाचाही विचार न करता उत्तरले, "अकरा." भरलेल्या पोत्याची रुंदी सुमारे दोन फूट धरली, की ओटा बावीस फुटांचा. हमाल पाठीवर पोते घेऊन न वाकता आत येई, यावरून दाराची उंची काढली. गादीवर वडील, मुनीम आणि बंधू असे तिघे मांडी घालून बसत, यावरून गादीची लांबी निघाली. जे शब्दांत आठवत नव्हते ते पोत्यांत आणि माणसांत आठवत होते.

मुलाने प्रमाण निवडले एकास चोवीस, कारण त्यात एका फुटाचा अर्धा इंच होतो आणि हिशेब सोपा पडतो. बावीस फुटांचा ओटा अकरा इंचांत बसला. बंधूंनी ऐकले आणि हात जोडले. चोवीस या आकड्याचा त्यांनी लावलेला अर्थ वेगळा होता, हे वाचकांना सांगायला नको.

पुढे आजोबा-नातवाचे जे चालले ते पाहण्यासारखे होते. पोती करायची तर खरे तरट या मापात फार जाड दिसे. म्हणून मांजरपाट चहाच्या पाण्यात रंगवून शिवले. आत रवा भरावा असे मुलाने सुचविले. बंधू म्हणाले, "रव्यात किडे होतील, पाप लागेल. लाकडाचा भुसा भर." सरस प्राण्यांपासून होतो म्हणून तो नको आणि ब्रशही केसांचे नकोत, हे ठरले. मी मनाशी म्हटले, घराणे केवळ विषयात नाही, डिंकात आणि ब्रशातही उतरते.

तागडी, वजनांची उतरंड, लाल कापडी पुठ्ठ्यांच्या चोपड्या, वाटसरूंसाठी ओट्यावर ठेवलेला माठ, सकाळी पाखरांना दाणे टाकण्याची जागा, एकेक वस्तू आली. एके दिवशी मुलाने विचारले, "हा रुमाल कशासाठी?" तेव्हा बंधूंनी आपल्या हातावर रुमाल टाकला, त्याखाली नातवाची बोटे धरली आणि भाव कसा ठरत असे ते दाखविले. कोणते बोट दाबले म्हणजे किती, हे त्यांना अजून आठवत होते. दुकान बंद झाल्यापासून त्या घरात मी त्यांना इतके मोकळे हसताना पाहिले नव्हते. चोपडीत पोत्यामागे धर्मादायाची रक्कम वेगळी कशी लिहिली जाई, हेही त्याच आठवड्यात मुलाला समजले. बुडालेल्या उधारीची गोष्टही बंधूंनी स्वतःहूनच सांगितली. मुलगा ऐकून एवढेच म्हणाला, "मग तुम्ही शेतकऱ्यांचे पैसे थांबवले नाहीत?" बंधू म्हणाले, "नाही. त्यासाठीच घर गहाण ठेवले होते." ही गोष्ट माझ्या पुतण्यालाही ठाऊक नव्हती.

या दिवाळीत चोपडापूजनाच्या वेळी ती पेढी पाटावर ठेवली होती. इंचभर लांबीच्या चोपडीच्या पहिल्या पानावर बंधूंनी भिंग लावून, थरथरत्या हाताने गौतमस्वामींचे नाव लिहिले. गादीवर मात्र कोणाचीही आकृती बसविलेली नाही. मुलाने विचारले तेव्हा बंधू म्हणाले, "राहू दे. पाहणाऱ्याने आपापला माणूस बसवावा."

रणगाड्याचे काय झाले, असे वाचक विचारतील. तो मुलाच्या खोलीत आहे. फेकला नाही आणि दिवाणखान्यातही परत आला नाही. मुलगा आता एक जुनी मालमोटार जोडतो आहे, कारण दुकानात माल कशातून येत असे, हे त्याला दाखवायचे आहे. पुढे तो पुन्हा विमानांकडे वळेल, तर वळो. बंधूंनी त्याला नकार दिला होता तेव्हा त्याच्यापाशी दुसरे काही नव्हते, आता आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या पेढ्या, वखारी, वाडे आता उरलेले नाहीत. त्यांची मापे ज्यांच्या आठवणीत आहेत, ती माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. हातात कात्री-पुठ्ठा घेऊन बसलेले मूल घरात असेल, तर वेळ वाया घालवतोस असे त्याला म्हणण्यापूर्वी त्याच्याजवळ बसावे आणि ओट्यावर किती पोती बसत होती, ते सांगावे.

जय जिनेंद्र.